मदत हवी आहे: ॲप ८५ टक्के बरोबर, पण रोज 'पाऊस नाही' म्हटलं तर ९२ टक्के! फवारणी कशाच्या भरवशावर करायची?

नमस्कार मंडळी. आम्ही तासगाव तालुक्यातले, अडीच एकर द्राक्षबाग आहे, माणिक चमन. माझं बी.एस्सी. गणित झालंय, त्यामुळे बागेची वही माझ्याकडे असते. प्रश्न जरा लांब आहे, पण फळछाटणी तोंडावर आलीय, म्हणून सविस्तर लिहिते.

छाटणीनंतर पोंग्यापासून (डोळे फुटू लागले की) मणी धरेपर्यंत डाऊनीची, म्हणजे केवडा या बुरशीच्या रोगाची, धास्ती असते. दोन वर्षांपूर्वी ऐन फुलोऱ्यात रात्री पाऊस झाला. आठवड्याने पानावर तेलकट पिवळा डाग दिसला, पान उलटलं तर खाली मीठ भुरभुरल्यासारखी पांढरी बुरशी. पुढे घडही कुजले. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण १८८५ साली फ्रान्समध्ये याच रोगावर पुढे आलं. पण ते काय किंवा आजची स्पर्शजन्य (पानावर थर बनून राहणारी) औषधं काय, पावसाच्या आधी पानावर असतील तरच उपयोग. म्हणजे सगळं येऊन थांबतं ते 'उद्या पाऊस आहे का' यावर.

म्हणून मी चार हंगाम, दर हंगामाचे ७५ दिवस, नोंद ठेवली. संध्याकाळी सात वाजता मोबाइलचं हवामान ॲप उद्यासाठी काय म्हणतं ते लिहायचं, आणि सकाळी साडेआठला बांधावरच्या पर्जन्यमापकाचं पाणी मोजायचं. हवामान खातं २.५ मिमी किंवा जास्त पाऊस झाला तरच 'पावसाचा दिवस' धरतं, तेच मीही धरलं.

३०० दिवसांत पावसाचे दिवस २४. ॲपने 'येणार' सांगितलं ५० वेळा, त्यातला १५ वेळा आला, ३५ वेळा नाही. 'नाही' म्हणूनही आला ९ वेळा. उरलेले २४१ दिवस ॲपही नाही म्हणालं आणि पाऊसही नाही. म्हणजे २५६ दिवस बरोबर, ८५ टक्के. आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, वही बघितली आणि म्हणाले, "सूनबाई, रोज 'नाही' लिहिलं असतंस तर २७६ दिवस बरोबर आली असतीस." ९२ टक्के! मला त्या रात्री झोप लागली नाही. चार वर्षांची मेहनत आणि उत्तर हे?

मिस्टर आभाळ आलं की ट्रॅक्टरला ब्लोअर (फवारणीचं यंत्र) जोडतात. पुतण्याने कॉम्प्युटरवर याच नोंदींवरून प्रोग्रॅम केला, तो ९९ टक्के बरोबर सांगतो. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. धाकटी नणंद मिरजेला लॅबमध्ये आहे, ती म्हणाली, "वहिनी, शंभरात दोघांना आजार असेल आणि टेस्ट सगळ्यांनाच निगेटिव्ह म्हणाली, तर तीही ९८ टक्के बरोबर. अशी टेस्ट तुम्ही कराल का?" तिथून डोक्यात प्रकाश पडायला लागलाय, पण पुढचा हिशेब जमत नाही. ॲपला नेमकं कशाने मोजायचं? आणि औषध मारायचं कधी?

हवामानप्रेमी, सातारा यांचं उत्तर

ताई, आधी एक गोष्ट तपासा. सकाळी साडेआठला मोजलेलं पाणी तुम्ही त्याच तारखेला लिहिता का? ते आदल्या सकाळी साडेआठपासूनच्या चोवीस तासांचं असतं. ऑक्टोबरचा पाऊस बहुतेक संध्याकाळी वळवासारखा पडतो. १४ तारखेच्या संध्याकाळचा पाऊस वहीत १५ ला गेला, आणि ॲपचा दिवस मात्र रात्री बारा ते बारा. मग ॲपच्या नावावर एक 'चुकीचा इशारा' आणि एक 'चुकलेला पाऊस' अशा दोन चुका लागतात, खरं तर ते बरोबर असतं.

आबांनी धरलेली चूक फार जुनी आहे. १८८४ साली अमेरिकी लष्कराच्या सिग्नल सेवेतल्या जॉन फिन्लीने चक्रीवावटळींचे (टोर्नेडोचे) २,८०३ अंदाज दिले आणि ९६.६ टक्के बरोबर असल्याचं सांगितलं. लगेच टीका झाली की रोज 'वावटळ नाही' म्हटलं तर ९८.२ टक्के येतात. पण त्याने २८ वावटळी आधी सांगितल्या होत्या. रोज 'नाही' म्हणणाऱ्याने एकही नाही.

आणि ॲप टक्के दाखवत असेल तर तेच लिहा. एडवर्ड लोरेन्झ या हवामानशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये कॉम्प्युटरवर हवामानाचं गणित पुन्हा चालवताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ घातलं आणि काही काळाने हवामान पार वेगळं निघालं. म्हणून आता सुरुवात किंचित बदलत तेच गणित अनेकदा चालवतात, त्यातून टक्के येतात. '३० टक्के' म्हणजे 'पडणार नाही' नव्हे, अशा दहा दिवसांत तीनदा पडावा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेली आणि २०२५ मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम ही अंदाजाची यंत्रणासुद्धा ६ किमीचा चौकोन धरते. ओढ्याअलीकडे सरी आणि पलीकडे धूळ, हे त्या चौकोनात दिसणार नाही.

पेढीवरचा, सांगली

मी हिशेबाच्या बाजूने सांगतो. तुमचे दोन आकडे लागतील: एकरी एका फवारणीचा खर्च, आणि औषध नसताना पाऊस झाला तर सरासरी नुकसान. समजा १,५०० आणि ३०,०००. भागाकार ५ टक्के. पावसाची शक्यता ५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर मारा, कमी असेल तर थांबा. तुमच्या वहीत ॲप 'येणार' म्हणालं तेव्हा ३० टक्के वेळा आला, 'नाही' म्हणालं तेव्हा ३.६ टक्के. म्हणजे रेषेच्या दोन बाजूंना दोन उत्तरं. ॲप उपयोगाचं आहे!

एकरी हिशेब बघा. कधीच नाही मारलं तर २४ दिवसांचे ७ लाख २० हजार. रोज मारलं तर साडेचार लाख. ॲप ऐकून मारलं तर ७५ हजार खर्च आणि चुकलेल्या ९ दिवसांचे २ लाख ७० हजार, मिळून ३ लाख ४५ हजार. आकडे तुमचे घाला, रीत हीच.

कोडवाला, पलूस

पुतण्याला विचारा, ज्या नोंदींवर शिकवलं त्याच नोंदींवर तपासलं का? तसं असेल तर ते ९९ टक्के म्हणजे पाठांतर. तीन वर्षं शिकवायची आणि चौथं पूर्ण झाकून ठेवायचं. सुटे दिवस झाकू नका, पावसाचे दिवस सलग येतात, शेजारचा दिवस उत्तर सांगून टाकतो. म्हणूनच २४ दिवस म्हणजे खरं तर किती वेगवेगळे पाऊस, तेही मोजा.

मूळ प्रश्न विचारणारी, तासगाव

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री वही पुन्हा लावली. हवामानप्रेमी, तुमचं म्हणणं खरं निघालं, तारीखच सरकली होती. चुकलेल्या ९ मधले ४ पाऊस ॲपने आदल्या तारखेसाठी बरोबर सांगितले होते. आता २४ पैकी १९ सापडतात, 'नाही' म्हणून आलेले ५ उरले. शेकडेवारी ८८, अजूनही आबांच्या ९२ च्या खाली, पण आता त्याचा त्रास होत नाही. आबांना पेढीवरच्या दादांचा हिशेब वाचून दाखवला, त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि म्हणाले, "मग ५ टक्क्यांची रेघ भिंतीवर लिहून ठेव."

पुतण्याने एक वर्ष झाकून बघितलं, ९९ चे ८४ झाले. बिचारा हिरमुसला, पण आता नव्याने करतोय.

दोन गोष्टी अजून अडतात. फवारणीचा खर्च फक्त १,५०० नाही. निर्यातीच्या मालात औषधाचा अंश राहिला तर कंटेनर अडकतो, आणि तेच औषध सारखं मारलं की बुरशी दाद देत नाही. हे रुपयांत कसं धरायचं? आणि ते २४ दिवस मोजले तर पाऊस फक्त ११ वेळा झालाय. चार वर्षं राबून अकरा! पान सकाळी किती वाजेपर्यंत ओलं राहतं तेही या हंगामापासून लिहिणार आहे, कारण दवही डाऊनीला चालतं.

तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज भागात कोणाकडे साडेआठच्या मापाची वही असेल तर कृपया कळवा. कितीही जुनी चालेल, अक्षर कसंही असू द्या, मी उतरवून घेईन.