‘स्वाधीनभर्तृका’ म्हणजे स्वतंत्र स्त्री का?

मूळ प्रश्न

मराठी कादंबरीतल्या बदलत्या नायिकेवरच्या एका लेखाचं संपादन करते आहे. लेखकाने हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मधल्या यमूपासून सुरुवात केली आहे आणि शेवटाकडे लिहिलं आहे, ‘यमू परस्वाधीन होती, आजची नायिका स्वाधीनभर्तृका आहे.’ वाक्य भारदस्त आहे, पण मला शंका आली. कोशात पाहिलं तर ‘पती जिच्या अधीन आहे अशी स्त्री’ असा अर्थ मिळाला. याच लेखात नवऱ्याने टाकलेल्या एका स्त्रीला ‘खंडिता’ म्हटलं आहे, तेही तपासून हवं आहे. आणि ज्या कादंबरीत प्रेमकथा नाहीच, तिच्यातल्या मुख्य स्त्रीला ‘नायिका’ म्हणावं का?

उत्तर

कोशातला अर्थ बरोबर आहे, लेखातलं वाक्य चुकलं आहे. समासाचा विग्रह असा: स्वाधीनः भर्ता यस्याः सा. भर्ता जिच्या स्वाधीन आहे ती. बहुव्रीही असल्यामुळे ‘स्वाधीन’ हे विशेषण तिला लागतच नाही, ते नवऱ्याला लागतं. अधीन तो आहे. ती स्वतः कशी आहे, कोणाच्या अधीन आहे, याबद्दल शब्द काहीच सांगत नाही. ‘स्वाधीन’ हा तुकडा ऐकून आपल्याला ‘स्वतंत्र’ आठवतं आणि घोटाळा होतो.

मला या शब्दाची रचनाच फार बोलकी वाटते. ‘स्वाधीन’ तोही नवरा आणि ‘भर्तृ’ तोही नवरा. व्याकरणाच्या दृष्टीने बहुव्रीहीत अन्यपद प्रधान, म्हणजे इथे स्त्रीच प्रधान. पण शब्दाच्या आत ती कुठेही नाही, ती फक्त ‘यस्याः सा’ मध्ये आहे. ‘प्रोषितभर्तृका’चंही तसंच. प्रोषित म्हणजे प्रवासाला गेलेला. गेला तो, आणि नाव पडलं मागे राहिलेलीचं.

हे दोन्ही शब्द भरताच्या नाट्यशास्त्रातल्या आठ नायिकांपैकी. आठही समोर ठेवा: वासकसज्जा, विरहोत्कंठिता, स्वाधीनभर्तृका, कलहांतरिता, खंडिता, विप्रलब्धा, प्रोषितभर्तृका, अभिसारिका. शेज सजवून, स्वतः सजून वाट पाहणारी. विरहाने व्याकूळ झालेली. भांडण करून त्याला दूर लोटलेली आणि मग हळहळणारी कलहांतरिता. संकेत ठरवून तो न आल्यामुळे फसवली गेलेली विप्रलब्धा. यादी अभ्यासू आहे, प्रेमाच्या अवस्था बारकाईने टिपलेल्या आहेत आणि नृत्याला, चित्रकलेला तिने शतकानुशतकं खाद्य पुरवलं आहे, हे मनापासून मान्य. पण प्रत्येक नाव म्हणजे ‘या घटकेला तो कुठे आहे?’ या प्रश्नाचं उत्तर आहे.

आता खंडिता. शास्त्रातली खंडिता टाकलेली बाई नव्हे, आणि आयुष्य मोडून पडलेली तर मुळीच नव्हे. तिचा प्रियकर रात्र दुसरीकडे काढून, दुसऱ्या स्त्रीच्या संगाच्या खुणा अंगावर घेऊन सकाळी परत येतो. ते पाहून जी दुखावते, संतापते, ती खंडिता. म्हणजे करणी त्याची आणि बिरुद तिला. लेखात टाकलेल्या स्त्रीबद्दल लिहायचं असेल तर ‘परित्यक्ता’ आहे, आणि बोलीतला ‘टाकलेली’ तर अधिक खरा आहे, कारण तो ऐकताच ‘कोणी टाकली?’ असं विचारावंसं वाटतं.

शंका

मांडणी आवडली, पण ती थोडी एकतर्फी होते आहे. शास्त्रकारांनी नायकालाही स्त्रीशी असलेल्या वागणुकीवरून नावं दिली आहेत: अनुकूल, दक्षिण, शठ, धृष्ट. म्हणजे नात्यावरून नाव फक्त स्त्रीलाच पडतं असं नाही. शिवाय नाट्यशास्त्रात धीरा, ललिता, उदात्ता, निभृता अशा स्त्रियांच्या प्रकृतीही सांगितलेल्या आहेत. त्या वगळून फक्त आठ अवस्था पुढे केल्या तर भरतावर अन्याय होतो.

उत्तर

दोन्ही मुद्दे बरोबर आहेत आणि दुसरा मी वगळायला नको होता. धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत, धीरप्रशांत हे नायकाचे स्वभावभेद आजही मराठी समीक्षेत सहज येतात. शालेय निबंधातसुद्धा ‘धीरोदात्त नायक’ भेटतो. ‘उदात्ता नायिका’ किंवा ‘निभृता नायिका’ मात्र मी आजवरच्या वाचनात मराठीत पाहिलेली नाही. शास्त्रात होती ती पुढच्यांनी गाळली, आणि काय उरलं ते आपल्या शब्दसंग्रहात दिसतं. हा दोष भरताचा नाही, परंपरेने केलेल्या निवडीचा आहे.

अनुकूल, दक्षिण, शठ, धृष्ट यांचं म्हणाल, तर ते शब्द नीट ऐका. अनुकूल म्हणजे एकीशीच निष्ठा ठेवणारा. दक्षिण अनेकींशी सारख्याच सौजन्याने वागणारा. शठ लपून फसवणारा. आणि धृष्ट? ‘दशरूपक’ या नाट्यशास्त्रावरच्या ग्रंथात धनंजयाने दिलेलं लक्षण असं की परस्त्रीच्या संगाच्या खुणा अंगावर उघड दिसत असतानाही जो समोर येतो तो. म्हणजे खंडिता आणि धृष्ट ही एकाच सकाळची दोन नावं आहेत! एकाच दारात दोघं उभी आहेत. त्याचं नाव त्याने काय केलं ते सांगतं, तिचं नाव तिच्यावर काय गुदरलं ते सांगतं. नातं दोघांच्याही नावात आहे, हे तुमचं म्हणणं खरं. कर्तेपण मात्र एकाच्याच नावात आहे.

इथे थोडं व्याकरण. खंडिता, विप्रलब्धा, कलहांतरिता, उत्कंठिता ही सगळी क्त-प्रत्ययान्त रूपं, ‘झालेली’, ‘केली गेलेली’ या घाटाची. (‘धृष्ट’ हेही क्त-रूपच, पण अर्थ कर्तरी: ज्याने धाडस केलं तो. ‘प्रोषित’सुद्धा कर्तरीच, पण सांगितलं तसं ते विशेषण नवऱ्याचं.) आठांत कर्तृवाचक साच्यातलं नाव एकच आहे, ते म्हणजे अभिसारिका. अभि + सृ या धातूला ‘अक’ लागून अभिसारक, स्त्रीलिंगी अभिसारिका. प्रियकराला भेटायला जाणारी. ती वाट पाहत नाही, निघते. धनंजय तर म्हणतो की ती स्वतः जाते किंवा त्याला आपल्याकडे आणवते. दोन्ही क्रियांची कर्ती तीच.

आणि हाच साचा ‘नायिका’ या शब्दाचा आहे. नी म्हणजे नेणे. नेतो तो नायक, नेते ती नायिका. लेखिका, गायिका, निवेदिका याच घरातल्या. पाणिनीने कर्त्याची व्याख्याच ‘स्वतन्त्रः कर्ता’ अशी केली आहे. म्हणजे संपादकताईंच्या लेखकाला ‘स्वतंत्र’ या अर्थाचा शब्द आठांमधूनच निवडायचा असता, तर त्यांनी अभिसारिकेकडे पाहायला हवं होतं, स्वाधीनभर्तृकेकडे नव्हे. अर्थात तीही प्रियकराकडेच जाते, म्हणून आजच्या कादंबरीसाठी तो शब्द मी सुचवणार नाही.

मराठीत मात्र अशी निघालेली एक स्त्री फार पूर्वी होऊन गेली आहे आणि ती कोणा कवीची नायिका नव्हे. जनाबाई म्हणते, ‘डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी.’ ‘जाईन मी’ या दोन शब्दांत अभिसारिकेची सगळी क्रिया आहे. फक्त अंधारी रात्र नाही, भरला बाजार आहे आणि लपणं नाही. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांवर माझा जीव आहे, पण विराणी म्हणजे विरहिणीचंच मराठी रूप. तिथे पुरुष संतकवी स्त्रीचा आवाज घेतो आणि स्त्रीचा आवाज म्हणजे विरहाचा आवाज हे गृहीत धरतो. जनाबाई स्त्रीच्या आवाजात बोलते तेव्हा ती वाट पाहत बसत नाही. हा फरक मला कुठल्याही अलंकारापेक्षा मोठा वाटतो.

भर

याला जोडून घरातले शब्द पाहा. माहेरवाशीण, सासुरवाशीण. कुठे राहते यावरून बाईचं नाव. जात्यावरच्या ओव्यांमध्ये या दोन शब्दांवर सगळं जग उभं आहे, आणि ओव्या बायकांनीच रचल्या असल्यामुळे त्या जगात भाऊ, आई आणि वाटेवरचं माहेर यांना प्रियकरापेक्षा जास्त जागा आहे. पुरुषासाठी ‘पितृगृहवासी’ असा शब्द कोणी घडवला नाही, कारण तो तिथे असणारच हे धरलेलं होतं. एकच शब्द आहे, ‘घरजावई’, आणि तो हिणवण्याचा आहे. जे बाईने सगळं आयुष्य करायचं, ते पुरुषाने केलं की त्याला टोमणा.

भर्ता आणि भार्या यांचंही सांगावंसं वाटतं. दोन्ही एकाच भृ धातूपासून. पोसतो तो भर्ता, जिला पोसायचं ती भार्या. ज्या घरात बाई राबून सगळ्यांना पोसते, त्या घरातही ती भार्याच. शब्द बदलत नाही.

ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ 1882 सालचं. स्त्रियांच्या माथी मारलेले दोष एकेक उचलून, हे पुरुषांत नाहीत का, असं त्या विचारतात. मला त्या शीर्षकातला ‘तुलना’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. कैवार नव्हे, कैफियत नव्हे. दोघांना एकाच तराजूत घालायचं.

शेवटच्या प्रश्नाबद्दल

प्रेमकथा नसली तरी ‘नायिका’ म्हणायला हरकत नाही, उलट तेव्हाच तो शब्द त्याच्या धातूला जागतो. फक्त नायकाची जोडीदार म्हणून जी कथेत आहे तिला ‘नायिका’ म्हणण्याची सवय आपल्याला नाटक-सिनेमाने लावली. ती कथा नेत नाही, तिला कथेत नेलं जातं. ‘प्रमुख स्त्री-पात्र’ हा शब्द बिनचूक आहे, पण मला तो कोरडा वाटतो. ‘नायिकाप्रधान’ हा शब्द मात्र शक्यतो टाळावा. ‘नायकप्रधान कादंबरी’ असं आपण क्वचितच म्हणतो, कारण कादंबरी तशीच असते असं गृहीत असतं. ‘नायिकाप्रधान’ म्हटलं की बाईभोवती फिरणारी कथा हा अपवाद ठरतो.

आणि यमूबद्दल माझं मत लेखकापेक्षा वेगळं आहे. ‘परस्वाधीन होती’ हे तिच्या आयुष्यापुरतं खरं. तिचं वैधव्य, बळजबरीने झालेलं केशवपन, काहीच तिच्या हातात नव्हतं. पण ‘करमणूक’ साप्ताहिकामध्ये ही कादंबरी क्रमशः येऊ लागली तेव्हा वाचकांसमोर जे होतं ते तिचं आत्मकथन होतं. ‘मी’ म्हणून सगळं सांगते ती यमू. लिहिणारा पुरुष आहे, हे विसरू नये. तरीही कथेच्या आत ती निवेदिका आहे, आपल्याला हाताला धरून नेणारी आहे. सोसण्याबाबत तिला कर्मपद मिळालं, सांगण्याबाबत कर्तृपद. लेखातल्या एका वाक्यात दोन्ही मावत नसेल तर वाक्याची दोन वाक्यं करावीत.

मूळ प्रश्नकर्तीकडून

सगळ्यांचे आभार. लेखकांशी बोलले. ‘खंडिता’ काढून ‘नवऱ्याने टाकलेली’ केलं आहे. ‘स्वाधीनभर्तृका’च्या जागी त्यांना ‘स्वायत्त’ हवं होतं, मी ‘स्वतःच्या मुखत्यारीची’ सुचवलं. त्यांना आधी ते कोर्टकचेरीतलं वाटलं, मग पटलं. यमूचं वाक्य त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं आहे. ‘नायिकाप्रधान’ लेखात चार ठिकाणी आहे. तीन काढले. चौथा एका उपशीर्षकात आहे आणि तिथे काय घालावं ते अजून सुचलेलं नाही. कोणाला सुचलं तर जरूर सांगा.