अ‍ॅक्युपंक्चरचे शिक्षण: चार वर्षे की दोनशे तास?

निरंजन:

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये अ‍ॅक्युपंक्चरच्या, म्हणजे शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर सुया टोचून उपचार करण्याच्या चिनी पद्धतीच्या, प्रशिक्षणाविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ज्याच्याकडे वैद्यकीय पदवी नाही त्याने किमान २,५०० तास शिकावे आणि त्यांपैकी किमान १,००० तास प्रात्यक्षिकांना व रुग्णकामाला द्यावेत, असे त्यांत म्हटले आहे. जे डॉक्टर आपल्या नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून ही पद्धत वापरू इच्छितात, त्यांच्यासाठी मात्र २०० तासांचे मर्यादित प्रशिक्षण सुचवले आहे. या दुसऱ्या आकड्याचा आधार घेऊन, आणि अनेकदा तोही न पाळता, शनिवार-रविवारच्या वर्गांतून सुया टोचायला शिकवण्याची प्रथा सर्वत्र वाढली आहे. हे थांबले पाहिजे आणि शिकणाऱ्याने चार वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रमच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या शिक्षणातला एक प्रसंग सांगतो. खांद्यावर, मानेचा मणका आणि खांद्याचे टोक यांच्या मधोमध 'चिएनचिंग' नावाचा बिंदू आहे. मान आखडलेल्या रुग्णाला तो फार उपयोगी पडतो, म्हणून विद्यार्थ्याचा हात आधी तिकडेच जातो. पण त्याच्या खाली फुप्फुसाचे टोक असते, आणि सडपातळ माणसात ते फार खोल नसते. सुई सरळ आणि थोडी जास्त आत गेली, तर फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा शिरू शकते. पुस्तकात मी हे चार वेळा वाचले होते. तरीही पहिल्या कृश रुग्णाच्या वेळी मी सुई सरळ धरली, तेव्हा आमच्या शिक्षकांनी काही न बोलता माझे मनगट धरले, दुसऱ्या हाताच्या चिमटीत रुग्णाचा स्नायू उचलला आणि सुई त्या उचललेल्या स्नायूत आडवी घालायला लावली. ही गोष्ट पुढे शेकडो रुग्णांवर कोणीतरी शेजारी उभे असताना करत गेलो, तेव्हा कुठे ती हातात उतरली. दोन दिवसांच्या वर्गात ती उतरत नाही.

मृदुला:

मी डॉक्टर आहे आणि तसे मर्यादित प्रशिक्षण घेऊन गेली काही वर्षे कंबरदुखीच्या रुग्णांसाठी अ‍ॅक्युपंक्चर वापरते. निरंजन यांचा प्रसंग खरा आहे, परंतु त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. फुप्फुसाचे टोक कुठे असते हे सुरक्षिततेचे ज्ञान शरीररचनेतून येते, आणि ते मी शवविच्छेदनाच्या टेबलाशी शिकले आहे. चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचे समर्थन करायचे असेल, तर उरलेल्या ज्ञानाने रुग्णाला किती फरक पडतो ते दाखवावे लागेल.

जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचल्या, दुसऱ्याला बिंदू सोडून भलत्याच जागी वरवर टोचल्या, आणि तिसऱ्याला औषधे, व्यायाम वगैरे नेहमीचे उपचार दिले. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या ४७.६ टक्के रुग्णांना गुण आला, दुसऱ्यातल्या ४४.२ टक्के रुग्णांना, आणि तिसऱ्यातल्या केवळ २७.४ टक्के रुग्णांना. सुया टोचणारे डॉक्टर किमान १४० तासांचे प्रशिक्षण घेतलेले होते. सुयांचा उपयोग होतो, हे या चाचणीतून मी आनंदाने स्वीकारते. पण बिंदू चुकवूनही जवळजवळ तेवढाच गुण येत असेल, तर ३६१ बिंदू, ते ज्यांवर असतात असे मानतात ते चौदा मार्ग आणि नाडीचे अठ्ठावीस प्रकार पाठ करण्यात एखाद्या तरुणाची वर्षे घालवणे कोणत्या आधारावर योग्य ठरते?

निरंजन:

आपण दिलेले आकडे बरोबर आहेत, पण एवढ्या एकाच चाचणीवर थांबू नये. एकोणचाळीस चाचण्यांमधल्या सुमारे २०,८०० रुग्णांची वैयक्तिक माहिती एकत्र करून २०१८ मध्ये जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात खऱ्या आणि खोट्या सुयांमधला फरक लहान असला तरी निश्चितपणे आढळला.

माझा मुख्य मुद्दा मात्र वेगळा आहे. आपले दोनशे तास हे खरे तर दोनशे नाहीत. त्यांच्या तळाशी वैद्यकीय पदवीचे हजारो तास आहेत. एखाद्या रुग्णाची कंबर रात्री पडल्यापडल्या अधिक दुखते, वजन उतरत चालले आहे, हे ऐकताच आपण सुई खाली ठेवून तपासण्या सांगाल. ज्याच्याकडे तो तळ नाही त्याला हेच भान स्वतंत्रपणे शिकवावे लागते, आणि कुणाला सुई टोचायची नाही हे शिकायला कुठे टोचायची हे शिकण्यापेक्षा जास्त काळ लागतो. आपले उदाहरण पुढे करून वर्ग चालवणारे लोक, आपला तळ नसलेल्या माणसांना आपलेच दोनशे तास विकत आहेत.

शरयू:

ही चर्चा सुयांभोवतीच फिरते आहे, म्हणून पारंपरिक चिनी वैद्यकाच्या दुसऱ्या आणि माझ्या मते अधिक जोखमीच्या अंगाविषयी लिहिते. मी वनौषधींच्या बाजूची आहे. चीनमध्ये या विषयाची पदवी पाच वर्षांची असते, आणि त्यातला फार मोठा वेळ औषधी द्रव्ये व त्यांची मिश्रणे शिकण्यात जातो.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या एका उपचारकेंद्रातल्या स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, आणि अशा रुग्णांची संख्या पुढे शंभरावर गेली. त्यांच्या गोळ्यांमध्ये 'फांगची' नावाचे मूळ असणे अपेक्षित होते, पण त्याच्या जागी 'क्वांग फांगची' आले होते. नावे जवळची, वनस्पती सर्वस्वी वेगळ्या. दुसरीत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असते, जे मूत्रपिंडाचा नाश करते आणि कर्करोगालाही कारण ठरते. त्या गोळ्या एखाद्या परंपरागत वैद्याच्या निदानावरून दिलेल्या नव्हत्या. चिनी मुळे आधुनिक औषधांत मिसळून सरसकट दिली जात होती. द्रव्य ओळखण्याचे शिक्षण वगळून केवळ द्रव्य उचलले की काय होते, हे या घटनेत दिसते.

आमच्या वर्गात दोन वाळलेल्या मुळांचे काप शेजारी ठेवून, आडव्या छेदातल्या रेषा, पिठूळपणा आणि वास यांवरून ती ओळखायला लावत, आणि चुकले की ती सगळी ताटली पुन्हा पहिल्यापासून. शिवाय आजचा रुग्ण आधीच दुसरी औषधे घेत असतो. रक्त पातळ करणारे वॉर्फरिन घेणाऱ्याला 'तानशेन' हे मूळ दिले तर रक्तस्राव होऊ शकतो; 'माहुआंग' या वनस्पतीत एफेड्रिन असते, ते रक्तदाब वाढवते. मृदुला यांचा युक्तिवाद सुयांना काही अंशी लागू पडेल. वनौषधींना तो अजिबात लागू पडत नाही, आणि दोन्ही गोष्टी एकाच पदवीत कोंबून त्यांचे तास एकत्र मोजणे हीच मला मूळ चूक वाटते.

सुहास:

आपण सगळे तासांविषयी बोलत आहात, आणि मला त्या तासांची किंमत दिसते आहे, कारण प्रत्येक तासाला शुल्क असते. मी अमेरिकेत पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण केला, परवाना मिळवला आणि शैक्षणिक कर्ज अजून फेडतो आहे. तिथे प्रत्येक राज्याचा नियम निराळा. परवान्याची पद्धत नेवाडाने १९७३ मध्ये सर्वप्रथम सुरू केली, आणि आज कॅलिफोर्नियाला किमान ३,००० तास लागतात, त्यांपैकी ९५० रुग्णकामाचे.

परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असे नाही. बहुतेकांना स्वतःचाच दवाखाना काढावा लागतो. जानेवारी २०२० पासून तिथल्या मेडिकेअर या सरकारी विम्यात जुनाट कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चरचा समावेश झाला: ९० दिवसांत १२ वेळा, सुधारणा दिसल्यास आणखी ८, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त २०. आम्हाला फार आनंद झाला होता. पण नुसत्या अ‍ॅक्युपंक्चर परवान्यावर त्या विम्याकडे स्वतःच्या नावाने देयक पाठवता येत नाही. डॉक्टरांच्या किंवा तत्सम पात्र व्यावसायिकाच्या देखरेखीखाली काम करावे लागते. मृदुला यांच्यासारखी व्यक्ती कमी तास शिकून स्वतः देयक पाठवते आणि मी तीन हजार तास शिकून तिच्या सहीची वाट पाहतो, हा प्रश्न मला नाडीच्या प्रकारांपेक्षा मोठा वाटतो. संस्थेत प्रवेश घेताना मला हे कुणी सांगितले नाही. पहिली दीड वर्षे माझे टेबल आठवड्यातले तीन दिवस रिकामे असे, आणि व्यवसाय कसा चालवावा यावर आमच्या अभ्यासक्रमात एकच कोरडा विषय होता.

अल्प प्रशिक्षणाची एक चांगली बाजूही नोंदवतो. न्यूयॉर्कच्या लिंकन रुग्णालयात १९७० च्या दशकात व्यसनमुक्तीसाठी कानावरच्या पाच बिंदूंची पद्धत आकाराला आली. तिचे प्रशिक्षण ७० तासांचे असते आणि ते परिचारिका व समुपदेशकही घेतात. पाचच बिंदू, तेही कानावर, सुया वरवर. काम एवढे आखीव असेल तर शिक्षणही तेवढेच पुरे.

अभय:

गुरूजवळ राहून शिकण्याचा मार्ग कोणीच मांडला नाही. १ जुलै २०१७ पासून चीनमध्ये लागू झालेल्या पारंपरिक वैद्यकाच्या कायद्याने, गुरूकडे शिकलेल्या व्यक्तीलाही, किमान दोन वैद्यांची शिफारस आणि प्रांताने घेतलेली कौशल्याची परीक्षा यांच्या आधारे वैद्य होण्याची वाट मोकळी केली आहे. शुल्काचा भार त्यामुळे हलका होऊ शकतो. परीक्षा मात्र कडक हवी.

मृदुला:

शरयू यांचे म्हणणे मी पूर्णपणे मान्य करते. वनौषधींचा विचार मी केलाच नव्हता. सुहास यांनी दाखवलेला अन्यायही खरा आहे, आणि माझ्या सहीमुळे त्यांच्या सुईला अधिक गुण येतो असे मी कधीही म्हणणार नाही. माझ्या पात्रतेचे दोनशे तास दाखवून इतरांना वर्ग विकले जात असतील, तर त्याला माझा विरोध आहे, हेही निरंजन यांना सांगते.

परंतु नाडीविषयी मी माझ्या जागी ठाम आहे. एकाच मनगटावर दोन अनुभवी वैद्यांनी बोटे ठेवली आणि एकाला ती 'निसरडी', दुसऱ्याला 'तारेसारखी ताणलेली' लागली, तर विद्यार्थ्याने परीक्षेत कोणते उत्तर लिहायचे? निरंजन, देखरेखीखालचे हजार तास आपण अवश्य राखावेत. पण आपल्या संस्थेने हा प्रयोग स्वतःच्या शिक्षकांवर, परस्परांना उत्तर कळू न देता, एकदा तरी केला आहे का?

निरंजन:

नाही, केलेला नाही. आमच्या वर्गात शिक्षकांनी सांगितलेलेच उत्तर बरोबर धरले जाई. पुढच्या सत्राच्या आधी दोन सहकारी आणि दहा रुग्ण यांच्यासह तो करण्याची विनंती मी आजच लिहून पाठवतो. काय निघेल ते इथे मांडीन, माझ्या विरोधात निघाले तरी.