रविवार सोडून उरलेले सहा दिवस: ख्रिस्ती असणं म्हणजे नक्की काय?

निळी_शाई

प्रश्न जरा लांबण लावून विचारतेय, सांभाळून घ्या.

मी जन्मानं ख्रिस्ती. बाप्तिस्मा झालाय, रविवारची उपासना सहसा चुकत नाही, उपासनेत शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, वाचायच्या यादीत माझं नाव असतं. कामाला एका गोदामात आहे, आलेल्या-गेलेल्या मालाच्या नोंदी ठेवते. मध्यंतरी घाईत ४८० च्या जागी ८४० टाकलं. त्या आकड्याच्या भरवशावर ऑर्डर घेतली गेली आणि माल कमी पडला. मोजणी केली होती एका नव्या मुलानं, नोंद माझी. मोजणीचा कागद कुणाला सापडेना, म्हणून साहेबांनी धरून चाललं की मुलानंच आकडा चुकीचा सांगितला. सगळ्यांसमोर त्याला झापलं.

कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता. अजून आहे. त्यावर त्याच्या अक्षरात स्वच्छ ४८० लिहिलंय, खाली दोन रेघा मारलेल्या.

त्याच रविवारी शास्त्रपाठ वाचायची पाळी माझी. याकोबाचं पत्र, दुसरा अध्याय. क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे, ते. आवाज कापला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तर विचारायचंय ते हे: रोजच्या जगण्यात ख्रिस्ती असणं म्हणजे काय? कृपा करून ‘सगळ्यांवर प्रेम करा’ एवढंच लिहू नका. मला त्या मुलाचा राग नाहीच, प्रेमच आहे म्हणा हवं तर. त्या प्रेमाचा त्याला काडीचा उपयोग झालेला नाही.

पहाटेचा_तारा

ताई, प्रार्थना करा. प्रभू मार्ग दाखवील. मनावर फार घेऊ नका, चूक कुणाकडून होत नाही?

जुना_रंधा

पहाटेचा_तारा, मार्ग दिसतोच आहे की, ड्रॉवरमध्ये ठेवलाय.

निळी_शाई, मी चाळीस वर्षं सुतारकाम केलं, धर्मशास्त्र शिकलो नाही. पण मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायातल्या २३ आणि २४ या ओव्या एकदा सावकाश वाचा. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर आणि मग येऊन अर्पण कर.

यातलं एक वर्षानुवर्षं माझ्या लक्षात आलं नव्हतं. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असं नाही म्हटलेलं. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध! म्हणजे आपलं मन किती स्वच्छ, किती प्रेमळ, हा हिशेबच नाही तिथं. तुमची ‘राग नाहीच’ ही ओळ वाचली आणि हेच आठवलं.

दुसरं म्हणजे, येशू हे बोलला गालीलात आणि वेदी होती यरुशलेमेत. पायी तीन दिवसांची वाट. अर्पणाचं जनावर तिथं सोडून घरी परत या, भावाची समजूत काढा आणि पुन्हा चालत जा! ऐकणाऱ्यांपैकी दोघं-चौघं तरी हसले असतील. सोयीचं नाहीच ते. पण क्रम पाहा: आधी भाऊ, मग उपासना.

आमच्या धंद्यात कपाटाच्या मागच्या फळीला रंधा मारायचा कंटाळा करतात. भिंतीला लागते, कोण बघतंय? तुमची ती मागची फळी आहे.

दोन्ही_बाजू

सुतारकाका, पटलं, पण जरा हळू. नोकरी त्यांची जाणार आहे, तुमची-माझी नाही. आणि बायबलमधल्याच इफिसकरांस पत्रात प्रेषित पौल साफ म्हणतो की तारण कृपेनं आहे, कर्मांनी नाही. कागद नेऊन दिला की खरी ख्रिस्ती, नाही दिला तर खोटी, अशी तागडी लावायची म्हटली तर आपल्यातलं कोण टिकेल?

जुना_रंधा

कुणीच नाही. मी तर नाहीच.

पण जक्कय आठवा. जकातदारांचा मुख्य, झाडावर चढलेला. येशूनं त्याला ‘आधी पैसे परत कर, मग तुझ्या घरी येतो’ असं म्हटलं नाही. आधी घरी आला, आणि लोक कुरकुरले ते त्यावरच. मग जक्कयच उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि अन्यायानं घेतलेलं चौपट परत करतो. ज्यानं आपण होऊन कबूल केलं त्यानं मूळ रकमेवर पाचवा हिस्सा द्यायचा, एवढंच मोशेचं नियमशास्त्र मागत होतं. चौपट होतं ते चोरलेल्या मेंढरासाठी. म्हणजे यानं स्वतःला चोराचा दर लावला, कुणी न सांगता. कृपा मिळाल्यावर माणूस असा सैल सुटतो. भीतीनं नव्हे.

रात्रपाळी

मी ख्रिस्ती नाही, चालेल ना? आमच्या वॉर्डात एक ख्रिस्ती नर्स होती. धर्माबद्दल तिनं मला कधी एक शब्द सांगितला नाही. पण रात्री औषध द्यायला उशीर झाला की तक्त्यावर खरी वेळ लिहायची. आम्ही बाकीचे सोयीची लिहायचो. तिच्यामुळे आम्हाला बोलणी बसायची, म्हणून ती कुणाला फारशी आवडायची नाही. मलाही नाही. पण माझी आई तिथं दाखल झाली तेव्हा मी पाळ्यांचा तक्ता बघून आलो, रात्री तीच आहे ना म्हणून.

निळी_शाई

उशिरा लिहितेय. सोमवारी कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. बोलायचं पाठ करून गेले होते, त्यातलं निम्मंच आलं. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला, लेखी द्या म्हणाले. दिलंय. पुढे काय होईल ते अजून कळलेलं नाही.

मग त्या मुलाकडे गेले. तो शिडीवर होता, वरच्या फळीवरची खोकी मोजत. खालूनच सांगितलं सगळं. मला वाटलं होतं चिडेल, नाहीतर ‘असू दे’ म्हणेल. त्यानं मधेच मोजणं थांबवलं आणि विचारलं, “कागद तुम्हाला कधी सापडला?”

त्याच दिवशी, म्हटलं.

तो मनातल्या मनात दिवस मोजत असावा. मग “अकरा,” म्हणाला, आणि खोकी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.