आधी पत्रा आणि ब्रेक, मग टायर

भावा, वडिलांची बरीच वर्षं उभी असलेली जुनी मारुती ८०० घरीच दुरुस्त करून परत चालू करतोयस हे तुझ्या पोस्टमध्ये वाचून लई बरं वाटलं. पण रुंद टायर आणि जादा वॅटचे बल्ब एवढ्यात घेऊ नकोस. आधी मॅटिंग उचल आणि पायाखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघ. खणखणीत वाजला तर ठीक, भद्द आवाज आला तर आतून गंज खातोय. दारांच्या तळाची पाणी जायची भोकं आपल्याकडच्या पावसात चिखलानं बुजतात, तीही तारेनं मोकळी कर.

ब्रेक ऑइल ओलावा ओढतं, त्यामुळे उभ्या राहिलेल्या गाडीचं ते बदलायचंच, चाकाजवळ ब्रेक दाबणाऱ्या व्हील सिलिंडरचे रबरही. ब्रेकच्या ड्रमला आतून झिजून कड आली असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काढून मिळेल.

हेडलाइटचा उजेड कमी पडतो तो बहुतेकदा बल्बमुळे नाही. जुन्या वायरिंगमधून स्विचपर्यंत फिरून येताना व्होल्टेज पडतं. बॅटरीवरून फ्यूज आणि रिले (स्विचच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा छोटा डबा) टाकून हेडलाइटला थेट लाइन दे. त्याच ६०/५५ वॅटच्या बल्बचा फरक पन्हाळ्याच्या घाटात रात्री कळेल.

इंजिन बदलायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी काढ. रंग बदललास तरी आरसी बुकवर नोंद लागते. आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली अजिबात शिरू नकोस, स्टँड लाव.