अहिराणी बोलणाऱ्या पोरांवरचा लेख कुठे पाठवू?

अमळनेरचा मास्तर:
जि.प. शाळेत दुसरीला शिकवतो, सोबत पीएचडी चालू आहे. घरी अहिराणी बोलणारी पोरं आधी वहीत ‘शाळाना रस्ता’ लिहितात, पुढे ‘शाळेचा रस्ता’. मधे काहींच्या वहीत ‘शाळाचा रस्ता’ दिसतं: प्रत्यय मराठी, सामान्यरूप अजून नाही. माझ्या लेखाचा जीव या मधल्या पायरीत आहे. एका मासिकाचा मेल आलाय, पैसे भरा, आठवड्यात छापतो. गाईड म्हणतात, भरून मोकळा हो.

पारोळेकर:
भाऊ, पैसे खिशातच ठेव. आठवड्यात छापणारा वाचणार कधी? यूजीसीने मान्य संशोधन-नियतकालिकांची ‘केअर’ यादीही 2025 मध्ये बंद केली. आता जुने अंक आणि संपादक मंडळ स्वतःच तपासायचं.

जळगावची ताई:
भाषा शिकण्यावरची संशोधन-नियतकालिकं बघ: ‘लँग्वेज लर्निंग’ 1948 पासून निघतं, ‘स्टडीज इन सेकंड लँग्वेज ॲक्विझिशन’ 1978 पासून. तिथे तज्ज्ञांच्या समीक्षेला महिने जातात, दुरुस्त्याही मागतात. ‘शाळाचा’ किती पोरांत, कधी दिसलं, हे आधी विचारतील. वहीच्या प्रत्येक फोटोवर तारीख हवी. पोरांची नावं झाक. आणि एका वेळी एकाच ठिकाणी पाठव, गाईड काहीही म्हणोत.

अमळनेरचा मास्तर:
तारखा आहेत ताई. पालकांची संमती कशी घेऊ? काही आयांना वाचता येत नाही.

जळगावची ताई:
अहिराणीत वाचून दाखवा, अंगठा घ्या. शेजारी साक्षीदाराची सही. साक्षीदार तुमच्या शाळेतला नको, नाहीतर आया भिडेखातर हो म्हणतील.