क्रीट बेटावर आठवडाभर: कुठे राहू, काय बघू? (सोबत सासूबाई आहेत)

बकुळ_पुणे
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटी ग्रीसला जायचं ठरलंय, आधी अथेन्स आणि मग आठवडाभर फक्त क्रीट. आम्ही चौघं: मी, नवरा, तेरा वर्षांची लेक आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात पण हौस दांडगी, सपाटीवर हळूहळू कितीही चालतील, जिने आणि चढ नको. त्या आणि मी शाकाहारी, अंडंही नाही. लेकीला फक्त पोहायचंय. नवऱ्याला गाडी भाड्याने घ्यायचीय पण उजव्या बाजूने कधी चालवलेली नाही. विमान आणि व्हिसा सोडून बजेट साडेतीन लाख, त्याच्या वर जायचं नाहीये. तर हेराक्लिऑनला राहू, हानियाला राहू की दोन्हीकडे? गाडी घ्यावी का? क्नोसोसचे प्राचीन अवशेष बघण्यासारखे आहेत का? आणि खायला काय मिळेल? सँटोरिनी नकोय, तिथे नुसत्या पायऱ्या आहेत असं ऐकलंय.

पैसावसूल
ग्रीसला जाऊन सँटोरिनी नाही?? हेराक्लिऑनहून फास्ट बोटीने दोन तासांत पोचता. आम्ही तिथल्या ओइया गावात कॅल्डेराच्या (ज्वालामुखीच्या समुद्राने भरलेल्या खळग्याच्या) बाजूची खोली घेतलेली, बाहेर स्वतःचा छोटा पूल, पाण्यात बसून सूर्यास्त. रेट सांगत नाही पण आयुष्यात एकदाच जातो माणूस, हात आखडू नका.

बकुळ_पुणे
अहो सँटोरिनी नको असं वर लिहिलंय.

पैसावसूल
वाचलं. सँटोरिनीच्या फिरा गावाला खालच्या बंदरातून वर यायला केबल कार आहे, पायऱ्यांचं टेन्शन घेऊ नका.

मधलीआळी
वाचतेय. आमचंही घोळतंय डोक्यात.

नेकारकाठची_सुमा
बकुळ, आम्ही जर्मनीत राहतो आणि इथून क्रीटला जाणं स्वस्त पडतं म्हणून बऱ्याचदा झालंय. पहिली गोष्ट, क्रीट हे "बेट" म्हणून डोक्यात ठेवू नकोस, पूर्व-पश्चिम जवळजवळ २६० किमी लांब आहे आणि मधे डोंगर. लोक नकाशा बघून ठरवतात की सकाळी पश्चिमेचा एलाफोनिसी किनारा आणि संध्याकाळी पूर्वेचं स्पिनालोंगा, तसं होत नाही. हानिया ते हेराक्लिऑन १४० किमी आहे, बसने तीन तास धर. त्यामुळे तीन रात्री हेराक्लिऑन आणि उरलेल्या हानिया असं कर, विमान एका ठिकाणी उतरायचं नि दुसऱ्या ठिकाणाहून पकडायचं.
हानिया जास्त सुंदर, यात वाद नको. व्हेनिसवाल्यांनी बांधलेलं बंदर, टोकाला दीपस्तंभ, काठावर गोल घुमटाची जुनी मशीद, मागे गल्ल्याच गल्ल्या. आणि बंदराचा काठ सपाट आहे, सासूबाई रोज संध्याकाळी मजेत फिरतील. फक्त एक, जुन्या गावातली हॉटेलं म्हणजे जुनी वाडावजा घरं, फोटोत झकास, आत खडे लाकडी जिने, आणि लिफ्ट बहुतेक ठिकाणी नसतेच. बुक करायच्या आधी मेल करून तळमजला आहे का विचारायचं, आणि उत्तर लेखी घ्यायचं.

घाटमाथा_७१
गाडीशिवाय क्रीट म्हणजे वेळ वाया. घ्याच. उजवी बाजू अर्ध्या तासात अंगवळणी पडते, मी तर विमानतळावरूनच निघालो. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून न्या, नुसत्या आपल्या लायसन्सवर भागत नाही. उत्तर किनाऱ्याने जो मुख्य रस्ता आहे त्यावर तिथले लोक मागून येऊन चिकटतात, त्यांची अपेक्षा असते की तुम्ही उजवीकडच्या पट्टीवर सरकून त्यांना जाऊ द्यावं. सरकायचं. इगो घरी ठेवायचा. बाकी रस्ता म्हणजे आपला वरंधा घाट ज्याने चालवलाय त्याला किरकोळ आहे.
आणि समारियाची घळ सोडू नका! १६ किमी, वर ओमालोसच्या पठारावरून सुरू होते ती थेट खाली लिबियन समुद्राला आया रूमेलीला उतरते. एका जागी दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ येतात की मधे जेमतेम तीनचार मीटर. मी पाच तासांच्या आत उतरलो, सोबतचे जर्मन मागे राहिले.

बकुळ_पुणे
१६ किमी उतार? सासूबाईंना घेऊन?

घाटमाथा_७१
त्यांना त्या दिवशी हॉटेलवर आराम.

नेकारकाठची_सुमा
आराम कसला. एवढा उतार नको असेल तर उलटं करता येतं की. दक्षिण किनाऱ्यावरच्या स्फाकियाहून बोटीने आया रूमेलीला जायचं, तिथून घळीच्या तोंडाशी झेपेल तेवढं चालायचं, परत किनाऱ्यावर येऊन पोहायचं. वाटेत लुत्रो लागतं, तिथे मोटारीचा रस्ताच नाही, बोटीने या नाहीतर चालत या. सासूबाईंना तिथे नुसतं काठावर कॉफी घेऊन बसवलंस तरी आवडेल. पण हानियाहून स्फाकियाचा रस्ता वळणावळणाचा आहे, गाडी लागत असेल तर गोळी घेऊन बसा.

हिशोबनीस
गाडीबद्दल दुसरी बाजू. बालोसच्या किनाऱ्याला जाणारा शेवटचा रस्ता कच्चा आहे, आठेक किमी, दगडधोंडे. भाड्याच्या गाडीचा "फुल इन्शुरन्स" बहुतेकदा कच्च्या रस्त्यावर चालत नाही, आणि टायर, काच, गाडीचं पोट त्यात धरत नाहीत. आमच्याकडून गाडीच्या पोटाला ओरखडा म्हणून डिपॉझिटमधून घसघशीत कापले, कंपनीचं नाव घेत नाही, मेल पाठवून थकलो. गाडी घेतलीत तर ताब्यात घेताना खाली मोबाईल घालून व्हिडिओ काढा. ऑटोमॅटिक गाड्या कमी असतात आणि महाग, आधी बुक करावी लागते. बालोसला किसामोसहून बोट जाते ना, तीच घ्या. गाडीने गेलात तरी पार्किंगपासून खाली उतरायला वाट आणि पायऱ्या आहेत, तुमच्या सासूबाईंचं काम नाही ते.

घाटमाथा_७१
पार्किंगवरून जो खालचा निळाहिरवा देखावा दिसतो तो बोटीतून दिसत नाही. एवढं बोलतो आणि थांबतो.

हिशोबनीस
देखाव्याला डिपॉझिट पडत नाही म्हणून बोलताय.

तिसरा_डबा
खाण्याचं कुणीच लिहिलं नाही म्हणून. क्रीटमध्ये शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. डाकोस (बार्लीचा कडक टोस्ट, वर टोमॅटो, चीज, ऑलिव्ह तेल), हॉर्ता म्हणजे उकडलेली पालेभाजी लिंबू पिळून, पिवळ्या डाळीचा फावा, मोठ्या पांढऱ्या बियांचे गिगांतेस, भात भरलेले टोमॅटो-मिरच्या. भरलेल्यात कधी कधी खिमा असतो, विचारायचं. हानियात बुरेकी नक्की खा, ती त्याच भागातली खासियत, झुकिनी बटाटा आणि मिझिथ्रा चीजचे थर. गोड-चीजच्या कालित्सुन्या म्हणजे करंजीची ग्रीक मावसबहीण. ऑर्थोडॉक्स लोकांचे उपास भरपूर असतात, त्यांना "निस्तीसिमो" म्हणतात ते पदार्थ विचारले की मांस, अंडं, दूध सगळंच गळतं. मात्र उपासाला शिंपले आणि कालवं चालतात त्यांना, ते वेगळं सांगा.
जेवण संपल्यावर न मागता राकी (तिथली दारू) आणि काहीतरी गोड आणून ठेवतात, त्याचे पैसे नसतात. सुरुवातीला ब्रेडची टोपली येते तिचे असतात.

शुद्धसात्विक
चीजमध्ये रेनेट असतं, वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं. ते शाकाहारी कसं? लोकांना माहीत नसतं आणि खातात.

तिसरा_डबा
ज्यांना अडचण आहे त्यांनी फावा आणि हॉर्ता खावं. बकुळताईंनी चीज नको असं म्हटलेलं नाही.

शुद्धसात्विक
मी माहिती दिली. आम्ही कुठेही गेलो तरी ठेपले आणि छोटा कुकर नेतो, प्रश्नच येत नाही.

तिसरा_डबा
आणि ती माहिती मला माहीत होती.

मातीचीअक्षरं
क्नोसोसचं. कृपया वगळू नका. युरोपातल्या पहिल्या मोठ्या संस्कृतींपैकी एक, मिनोअन, तिचं हे केंद्र. हेराक्लिऑनपासून पाचेक किमी, शहरातून बस जाते. आर्थर इव्हान्स या इंग्रज पुरातत्त्वज्ञाने १९०० साली मोठं खोदकाम सुरू केलं, पण त्याच्या आधी १८७८ मध्ये तिथल्याच मिनोस कालोकेरिनोस नावाच्या गृहस्थाने पहिले चर मारले होते, त्याचं नाव कुणी घेत नाही. सकाळी उघडतं तेव्हाच जा, सावली फार नाही.

हिशोबनीस
क्नोसोस म्हणजे सिमेंट. लाल रंगाचे खांब, वरचे मजले, सगळं इव्हान्सने स्वतःच्या कल्पनेने उभं केलंय. भिंतीवरची चित्रंही नकला, तिकीट काढून नकला बघायच्या. रांग वेगळी.

मातीचीअक्षरं
अस्सल चित्रं हेराक्लिऑनच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत, म्हणून तर दोन्ही एकाच दिवशी बघायचं असतं. बैलावरून कोलांटी मारणाऱ्याचं चित्र, हातात साप धरलेली देवी, आणि फेस्टोसची मातीची तबकडी, १९०८ मध्ये सापडलेली, दोन्ही बाजूंनी गोगलगाईसारखी फिरत गेलेली चिन्हं, अजून कुणाला निर्विवाद वाचता आलेली नाही. संग्रहालयात एसी आहे, बसायला जागा आहे, सासूबाईंसाठी क्नोसोसपेक्षा तेच बरं म्हणेन. आणि सिमेंटबद्दल, इव्हान्सने काहीच उभारलं नसतं तर सामान्य माणसाला तिथे गुडघाभर भिंतींपलीकडे काय दिसलं असतं? चुकलं बरंच, मान्य. पण ती चूकही आता शंभर वर्षांची झालीय, तीच बघायला जायचं.

घाटमाथा_७१
लिपी वाचली ना पण? कुणीतरी इंग्रजाने वाचली ती.

मातीचीअक्षरं
ती लिनिअर बी, मायकेल व्हेंट्रिसने १९५२ मध्ये. ती ग्रीक निघाली. लिनिअर ए मिनोअन लोकांची, ती वाचलेली नाही. तबकडी तिसरीच.

पैसावसूल
इतिहासच बघायचा तर सँटोरिनीला आक्रोतीरी आहे, ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं गाव, वर छप्पर घातलंय, उन्हाचा त्रास नाही.

मातीचीअक्षरं
हे मात्र खरं. आक्रोतीरी छान आहे.

बकुळ_पुणे
🙏 सँटोरिनी नको.

सायंतारा
स्पिनालोंगाला कुणी नाही सांगितलं? व्हेनिसचा जुना किल्ला, नंतर १९०३ ते १९५७ कुष्ठरोग्यांची वसाहत. आम्ही प्लाकाहून बोट घेतली, दहाएक मिनिटांत पलीकडे. पाहून खूप वेळ कुणी बोलतच नव्हतं. अगदी चुकवू नका.

नेकारकाठची_सुमा
ती पूर्वेला आहे, हेराक्लिऑनहून ठीक, हानियाहून जाऊन येऊन अख्खा दिवस मोडतो.
बकुळ, लेकीसाठी एलाफोनिसी: पाणी गुडघाभर, वाळूत गुलाबी झाक, पण दुपारी जत्रा असते. हानियाहून सिझनमध्ये बस जाते, सकाळची पहिली पकड. आणि रोजच्या पोहण्यासाठी नेआ होरा, जुन्या बंदरापासून चालत, वाळूचा उथळ किनारा, मागे ओळीने खानावळी.

मधलीआळी
सुमाताई, सप्टेंबरअखेरीस पाणी गार नसतं का?

नेकारकाठची_सुमा
नाही गं, उन्हाळाभर तापलेलं असतं. मे महिन्यात गार लागतं.

बकुळ_पुणे
सर्वांचे मनापासून आभार, काल रात्री बसून ठरवलं. सगळ्या रात्री हानियालाच, नेआ होरामध्ये तळमजल्यावरचं स्वयंपाकघरवालं अपार्टमेंट मिळालं. गाडी नाही. नवरा थोडा फुगलाय पण डिपॉझिटची गोष्ट वाचून त्यानेच सोडली. क्नोसोस आणि हेराक्लिऑन नाही, अथेन्सला अ‍ॅक्रोपोलिस आणि संग्रहालय होणारच आहे, त्याच्यानंतर लेक अजून एक दगड बघणार नाही असं तिने लेखी दिलंय. एक दिवस बसने एलाफोनिसी, एक दिवस रेथिम्नो, आणि जमलं तर लुत्रो. बाकी काही नाही, सासूबाईंनीच सांगितलं की मला एका जागी बसून लोकं बघायचीत. जाताना विमान, येताना रात्रीच्या बोटीने पिरेअस, म्हणजे अथेन्सचं बंदर.

मातीचीअक्षरं
क्रीटला जाऊन क्नोसोस नाही. असो, आपली सहल.

घाटमाथा_७१
आठवडाभर एका गावात काय करणार? तीन दिवसांत कंटाळाल, तेव्हा गाडी घ्याल आणि ती महाग पडेल.

हिशोबनीस
उत्तम निर्णय. मी म्हणतच होतो.

तिसरा_डबा
रेथिम्नोला जाताय तर गावाच्या वरचा किल्ला चढाचा आहे, त्यावर नवरा आणि लेक जाऊ देत. खाली बंदराशी मासळीवाल्या खानावळी महाग, एक गल्ली आत शिरा.

बकुळ_पुणे
नोंद घेतली. बोटीचं कुणी सांगेल का, चौघांना केबिन घ्यावी की खुर्च्यांवर भागतं? सासूबाई झोपल्या पाहिजेत.

नेकारकाठची_सुमा
चार बर्थची केबिन घे, आतली, खिडकी नसलेली, ती स्वस्त. बोट हानियाच्या बाजूच्या सूदा बंदरातून सुटते, गावातून बस आहे. पहाटे पिरेअसला उतरवतात आणि तिथून मेट्रो थेट विमानतळाला जाते, गाडी बदलावी लागत नाही. फक्त त्या दिवशीचं विमान दुपारनंतरचं ठेव, वारा सुटला तर बोटी उशिरा येतात नाहीतर रद्दच होतात.

पैसावसूल
केबिन घेताय तर बाहेरची घ्या, खिडकीवाली. थोडे जास्त पडतात.