‘ऊद’ नेमका कोणता : घालायचा की लावायचा?

प्रश्न (निपाणी) :

परदेशी अत्तरांची वर्णने वाचताना ‘ऊद’ हा शब्द सतत भेटतो. आमच्या घरी गुरुवारी संध्याकाळी निखाऱ्यावर जो ऊद घालतात, त्याचा वास गोडसर आणि मवाळ असतो. मैत्रिणीने दुबईहून आणलेल्या ‘ऊद’च्या कुपीतून मात्र गोठा, ओले चामडे आणि जुने लाकूड यांचा मिळून यावा तसा वास आला. शब्द एकच असताना वास इतके निराळे कसे? आणि मराठीत या दुसऱ्या वस्तूला काय म्हणावे?

उत्तर (बेळगाव) :

आपल्या नाकाने बरोबर सांगितले आहे, कारण या दोन वस्तू खरोखरच वेगळ्या आहेत.

अरबीत ‘ऊद’ म्हणजे लाकूड. त्याच नावाचे एक तंतुवाद्यही आहे. सुगंधाच्या व्यवहारात मात्र या शब्दाने एकच लाकूड अभिप्रेत असते, ते म्हणजे अगरू. ॲक्विलारिया प्रजातीतल्या झाडाला जखम होऊन बुरशी लागली की झाड आपल्या बचावासाठी गर्द राळ तयार करते, आणि राळेने भरलेल्या त्या काळपट लाकडापासून जे तेल काढतात, ते आपल्या मैत्रिणीच्या कुपीत असावे. मराठीत येता येता हा शब्द लाकडावरून डिंकावर घसरला. दोन्ही जाळण्याचेच पदार्थ असल्यामुळे तसे झाले असावे, असे मला वाटते. आपण निखाऱ्यावर घालतो तो ऊद म्हणजे सुमात्रा, सयाम या भागांतल्या स्टायरॅक्स झाडांचा डिंक. या बिचाऱ्या डिंकाचे नाव युरोपातही बिघडलेले आहे : अरब त्याला ‘लुबान जावी’, म्हणजे जावाकडचा लोबान, म्हणत, तिकडच्या भाषांनी त्यातला ‘लु’ हा उपपद समजून टाकून दिला आणि उरलेल्या ‘बान जावी’चे फ्रेंचमध्ये ‘बेंज्वँ’ आणि इंग्रजीत ‘बेंझॉइन’ झाले.

आपल्या सीमाभागात या शब्दाला आणखी एक फाटा फुटतो. कन्नडमध्ये उदबत्तीला ‘ऊदिनकड्डी’ म्हणतात आणि ‘ऊदु’ या क्रियापदाचा अर्थ फुंकणे असा आहे. त्यामुळे पेटवून फुंकायची ती ऊदिनकड्डी, अशी व्युत्पत्ती आमच्या शेजारच्या काकांनी मला फार आत्मविश्वासाने सांगितली होती. शेजारी मराठी ‘उदबत्ती’ ठेवली की ती व्युत्पत्ती टिकत नाही, पण ऐकायला गोड आहे. निखाऱ्यावरच्या डिंकाला कन्नडमध्ये ‘सांब्राणी’ असा स्वतंत्र शब्द असल्याने कन्नडभाषकांचा आपल्याइतका गोंधळ होत नाही. (जाता जाता : उदमांजरातला ‘उद’ या दोहोंपैकी कोणताच नाही. तो संस्कृत ‘उद्र’, म्हणजे पाणमांजर, या शब्दाच्या घराण्यातला आहे. उदमांजराच्या जातीच्या प्राण्यांपासून मिळणारी जवादी ही सुगंधी वस्तू अत्तरांत वापरत असत, म्हणून अनेकांची फसगत होते.)

मला हा फरक कोशाच्या आधी कुप्यांनी शिकवला. पूर्ण बाटल्या मला परवडत नाहीत. मी २ मिलिलीटरचे नमुने मागवतो आणि एकेक नमुना आठवडाभर पुरवतो. फ्रान्सिस कुर्कजाँ यांच्या अत्तरगृहाचे ‘ऊद’ (२०१२) मी पहिल्यांदा मनगटावर लावले, तेव्हा देवघरातल्या धुराची अपेक्षा होती; प्रत्यक्षात केशर आणि स्वच्छ तासलेले लाकूड पुढे आले. ते अगरूच होते, पण गोठा धुऊन काढलेले. त्या दिवशी मी निराश झालो होतो, आणि तो दोष अत्तराचा नसून माझ्या मराठी शब्दाचा होता.

याउलट अनुभव ‘इंटरल्यूड मॅन’चा. ओमानच्या अमुआज या १९८३ साली स्थापन झालेल्या अत्तरगृहाचे हे २०१२चे अत्तर. त्यात अगरूचा धूर आहे, अरबी लोबानही (फ्रँकिन्सेन्स, आपल्या उदाहून वेगळा डिंक) आहे, पण सुरुवातीलाच ओरेगॅनोची जी तिखट झुळूक येते, ती आपल्या नाकाला थेट ओव्यासारखी लागते, कारण दोन्ही वनस्पतींत थायमॉल हे तिखट वासाचे द्रव्य असते. ओवा आणि धूर एकत्र आले की मराठी माणसाला बाळंतिणीची खोली आठवणारच : शेगडी, निखारे, ओव्याची आणि उदाची धुरी, आणि दार लावून घ्या म्हणून ओरडणारी आजी. इंटरनेटवर परदेशी लोक या अत्तराला अक्राळविक्राळ श्वापदाची उपमा देतात. मला ते घरगुती वाटते. ऑफिसात मात्र लावून जाऊ नये.

आपल्या गुरुवारच्या उदाचा वास अत्तरात हवा असेल, तर ज्यांवर ‘ऊद’ लिहिले आहे त्या कुप्या सोडून बेंझॉइनची अत्तरे शोधावीत. फ्रान्समध्ये १८८५पासून ‘पापिए दार्मेनी’ नावाचा कागद मिळतो. बेंझॉइनमध्ये भिजवून सुकवलेल्या त्याच्या पट्ट्या घरात जाळतात. म्हणजे ती त्यांची उदबत्तीच, फक्त काडीऐवजी कागदाची. त्याच वासावरून गेर्लँ या फ्रेंच अत्तरगृहाने ‘ब्वा दार्मेनी’ (२००६) हे अत्तर केले. व्हॅनिलाकडे झुकणारा गोडवा, वर किंचित राख, आणि निखारा विझत आल्यावर खोलीत जे मागे उरते ते. माझ्या आवडत्या अत्तरांत याचा क्रमांक पहिला आहे.

तेव्हा अगरूच्या तेलाला मराठीत ‘अगरू’ म्हणावे आणि ‘ऊद’ डिंकासाठी राखून ठेवावा, अशी माझी सूचना आहे.

प्रतिसाद (खानापूर) :

माहिती पटली, सूचना पटली नाही. खडेबाजारात अत्तराच्या दुकानात जाऊन ‘अगरू’ मागा, दुकानदार अगरबत्तीचा पुडा पुढे करील. तिथे दोन्ही बाजूंनी, विकणाऱ्यांच्या आणि घेणाऱ्यांच्या, तेलाला ऊद आणि डिंकाला लोबान म्हणतात, आणि ही माणसेही आपल्याशी मराठीतच बोलतात. त्यांचा ऊद अरबी अर्थाला धरून आहे. मग घसरलेला अर्थ शुद्ध आणि मूळ अर्थ परका, हा न्याय कोणता?

उत्तर (बेळगाव) :

आपला आक्षेप मान्य आहे, आणि मी ती सूचना मागे घेतो. आपले वाचल्यावर एक गोष्ट लक्षात आली, ती आधीच सुचायला हवी होती : बोलताना हा घोटाळा क्रियापदच सोडवते. डिंकाचा ऊद आपण ‘घालतो’ किंवा ‘जाळतो’, तेलाचा ऊद ‘लावतो’. ‘ऊद लावला’ असे निखाऱ्याबाबत कोणी म्हणत नाही आणि ‘मनगटावर ऊद घातला’ असेही कोणी म्हणत नाही. अडचण उरते ती ‘उदाचा वास’ यासारख्या, क्रियापदाचा आधार नसलेल्या शब्दप्रयोगांत. तिथे निदान लिहिताना तरी ‘अगरूचा वास’ किंवा ‘लोबानाचा वास’ असे स्पष्ट लिहावे; दुकानात मात्र मी यापुढे ऊदच मागेन.